यावल रस्त्यावरचं वराह फार्म : चाप अप्रतिम, मांडीबद्दल थोडं बोलायचंय

भुसावळहून यावलकडे निघालं आणि तापीचा पूल ओलांडला, की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. त्या बागांतच एक वराहपालनाचं फार्म आहे आणि रस्त्याच्या कडेला त्यांचंच छोटं दुकान. ज्यांच्या घरी डुकराचं मांस शिजतं त्यांच्यासाठी हे लिहितेय, म्हणून निकाल आधीच सांगते. चाप, म्हणजे पाठीचा काप, घ्या, मानेचा तुकडा घ्या, पोटाकडचा पट्टा मिळाला तर सोडू नका. खान्देशात राहायला आल्यापासून इतकं चवीचं मांस मला कुठेच मिळालेलं नाही. मांडीबद्दल मात्र तक्रार आहे, ती पुढे सांगते.

माझं माहेर वसईचं. आमच्याकडे नाताळाला आणि लग्नाच्या आदल्या रात्री इंदियाल, म्हणजे व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण, शिजलं नाही तर पाहुणे विचारतात, काय झालं? नवरा रेल्वेत, म्हणून भुसावळला आले, आणि इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आनुवंशशास्त्राचा पेपर माझ्याकडे असतो. त्यामुळे या दुकानात मला जे आवडलं ते नुसतं चवीचं नाही. मांसाच्या आत चरबी कशी येते, ती कोणाकडून येते, याचा विचार करून जनावर वाढवणारा माणूस मला इथे भेटला.

आधी नेहमीचा अनुभव सांगते, म्हणजे फरक कळेल. इतरत्र मांस आणलं की दोनपैकी एक गोष्ट ठरलेली. एक तर पाठीवर तीन बोटं जाड पांढरा थर आणि खाली मांस कोरडं ठणठणीत. नाहीतर 'एकदम लीन आहे ताई', म्हणजे चरबी कमी, असं म्हणून दिलेलं फिकट मांस, जे कुकरमधून काढलं की दोऱ्यासारखं सुटतं. दोन्ही ठिकाणी विकणाऱ्याची समजूत एकच, की मांस कसं लागेल हे पाठीवरच्या चरबीवरूनच कळतं. ही समजूत मुळातच चुकीची आहे. डुकराच्या अंगात चरबी चार ठिकाणी साठते : पोटाच्या आत, कातडीखाली, दोन स्नायूंच्या मधे आणि खुद्द स्नायूच्या आत. हे चारही कप्पे एकाच वेळी भरत नाहीत. स्नायूच्या आतला सगळ्यात शेवटी भरतो. नुसता खुराक वाढवत नेला तर आधी पोट भरतं, पाठ भरते, आणि आपल्याला ज्याची चव लागते ती चरबी यायच्या आतच जनावर विक्रीला निघतं.

लीन म्हणून वाढवलेल्या जातींत पाठीच्या कण्यालगतच्या लांब स्नायूत, म्हणजे चापेच्या मधल्या गोल भागात, चरबी साधारण १ ते २ टक्के असते. ड्युरॉक जातीत ती ३ टक्के आणि त्याच्याही वर जाते. २ टक्क्यांच्या खाली मांस कोरडं लागायला लागतं. म्हणजे सगळा खेळ एखाद्या टक्क्याचा आहे, आणि त्या टक्क्यातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा. पाठीवरची चरबी आणि स्नायूतली चरबी यांचं नातं आहे, पण घट्ट नाही. म्हणूनच पाठ आटोपशीर आणि मांस मात्र चरबीच्या रेघांनी भरलेलं, असं जनावर निवडून काढता येतं. पन्नासेक वर्षं जगभर पाठ पातळ करण्याच्या मागे लागून लोकांनी स्नायूतली चरबीही घालवली. ती परत आणायची तर निवड वेगळ्या नजरेने करावी लागते.

दुकान चालवणाऱ्यांना सगळे भाऊ म्हणतात, हिशेब वहिनी बघतात. फार्मवर माद्या यॉर्कशायर आणि लँडरेसच्या संकराच्या आहेत. पिल्लं भरपूर देतात, दूध भरपूर पाजतात. नर ड्युरॉक, विटकरी रंगाचे, कान पुढे पडलेले. विक्रीला येणारं प्रत्येक जनावर या संकराचं असतं, आणि प्रत्येक पाकिटावर बापाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि पिल्लाची जन्मतारीख असते. कोंबडीच्या किंवा बोकडाच्या दुकानात हे मी कधी पाहिलेलं नाही. भाऊंनी मोबाइलवर एक फोटोंची यादी ठेवली आहे. प्रत्येक जनावराची पाठ शेवटच्या बरगड्यांपाशी आडवी कापली की त्या काप्याचा फोटो, सोबत बापाचा नंबर. मला त्यांनी दोन नरांच्या लेकरांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले. पहिल्याच्या लेकरांच्या काप्यात बारीक पांढऱ्या रेघा सगळीकडे सारख्या पसरलेल्या. दुसऱ्याच्या लेकरांत कडेला एखादा जाड पट्टा आणि मधे नुसता गुलाबी. "मॅडम, खुराक एक, गोठा एक. बापाचा गुण उतरून ऱ्हायला पाहा," भाऊ म्हणाले. दुसरा नर त्यांनी नंतर काढून टाकला.

वर्गात याला आम्ही संततीवरून नराची परीक्षा म्हणतो. आणि बापावर इतकं लक्ष देण्याला डुकराच्या बाबतीत एक जास्तीचं कारण आहे, ते मला फार मोलाचं वाटतं. आयजीएफ-२ नावाचं एक जनुक स्नायूंची वाढ ठरवतं. पिल्लाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. पण स्नायूत काम करते फक्त बापाकडून आलेली प्रत, आईची गप्प बसवलेली असते. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की या जनुकाच्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात डीएनएचं एकच अक्षर बदललं की जन्मानंतर स्नायूत त्याचं काम तिपटीने वाढतं. मांस वाढतं, पाठीची चरबी कमी होते. तिथे बसून जनुकाला आवर घालणारं प्रथिन २००९ मध्ये सापडलं, त्याचं नाव झेडबेड-६. अक्षर बदललं की त्या प्रथिनाला बसायला जागाच राहत नाही. मादीने हा बदल पिल्लांना दिला तरी पिल्लांच्या अंगावर तो दिसत नाही, नराने दिला तर लगेच दिसतो. बाकीची बहुतेक जनुकं आईबापांकडून सारखीच कामाला लागतात. तरी एका नराची लेकरं शेकड्याने होतात, म्हणून नर चुकला की अख्खं फार्म चुकतं.

भाऊंनी नरांची डीएनए तपासणी करून घेतलेली नाही. काप्यांचे फोटो हीच त्यांची तपासणी, आणि ती कामाची आहे, कारण स्नायूतल्या चरबीमागे एकटं जनुक नसतं. थोडं थोडं ओझं उचलणारी शेकडो असतात. १९९४ मध्ये रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट ही पाळीव जात यांच्या संकरातून चौथ्या गुणसूत्रावर चरबीचा पहिला मोठा पत्ता, म्हणजे चरबीवर परिणाम करणारी जागा, लागला, तेव्हा वाटलं होतं की काम सोपं आहे. त्यानंतर पत्ते सापडतच गेले. २०१२ मध्ये एका ड्युरॉक मादीचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला आणि यादी आणखी लांबली.

नुसत्या काप्यावर माझं समाधान होईना, म्हणून चापेचा एक तुकडा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. मेणात बसवून काप घेतले तर त्या प्रक्रियेतच चरबी विरघळून जाते, म्हणून तुकडा गोठवून, जमतील तितके पातळ काप घेतले आणि चरबीला नारिंगी करणाऱ्या सुदान रंगात ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूतंतूंच्या जुड्या फिकट, आणि दोन जुड्यांच्या मधल्या पदरात नारिंगी गोल पेशी, एकाला एक लागून. शेजारच्या काचेवर बाजारातल्या लीन मांसाचा काप होता. त्यात नारिंगी ठिपका शोधावा लागत होता. एम.एस्सी.च्या मुलींनी तो काप आळीपाळीने पाहिला आणि पहिला प्रश्न आला तो हाच : या पेशी तिथे आल्या कुठून?

त्या तिथेच असतात. तंतूंच्या मधल्या जागेत काही पूर्वपेशी असतात, ज्यांनी अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं. पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा ही दोन नियंत्रक प्रथिनं त्यांच्यात कामाला लागली की त्या पेशी चरबीच्या वाटेने जातात, मग मागे फिरत नाहीत. पुढचं काम भरण्याचं. एलपीएल हे विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, रक्तातल्या चरबीतून मेदाम्लं सोडवून पेशीच्या दारात आणतं, एफएबीपी-४ हे वाहक प्रथिन त्यांना आत वाहून नेतं, फॅटी ॲसिड सिंथेज हे विकर पेशीतच नवी बनवतं. दुसऱ्या बाजूने एटीजीएल आणि एचएसएल ही विकरं साठा फोडत असतात. भरणं आणि फोडणं यांची वजाबाकी म्हणजे आपल्या ताटातली चव. पूर्वपेशी किती आणि त्यातल्या किती वळल्या, हे बरंचसं लहानपणी ठरतं. त्या फुगतात मात्र शेवटच्या महिन्यांत. म्हणून घाई केलेल्या जनावरात पेशी असतात पण रिकाम्या.

चरबी किती, इतकंच नाही, कशी हेही जनुकं ठरवतात. एससीडी नावाचं विकर स्टिअरिक आम्लाचं ओलेइक आम्ल करतं, तेच जे ऑलिव्ह तेलात भरपूर असतं. या जनुकाच्या नियंत्रक भागातला एक बदल ड्युरॉकमध्ये चांगला अभ्यासला गेला आहे, तो असेल तर स्नायूत ओलेइक वाढतं. अशी चरबी लवकर वितळते आणि टाळूला चिकटत नाही. या दुकानातली चाप तव्यावर टाकली की मिनिटभरात कडेने स्वतःची चरबी सोडते आणि तेल घालावं लागत नाही. थंड झाल्यावरही ताटलीत पांढरा थापा जमत नाही. भाऊंच्या नरांत तो बदल आहे की नाही हे तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण ताटलीतली ही लक्षणं मला फार आवडली.

भूक ठरवणारंही जनुक आहे. एमसी४आर हे मेंदूत भुकेचा संदेश घेणाऱ्या ग्राहीचं जनुक. त्यातलं एक अमिनो आम्ल बदललं की जनावर जास्त खातं, भराभर वाढतं आणि पाठीवर चरबी धरतं. हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. अशी जनावरं वजनावर विकणाऱ्याला परवडतात, खाणाऱ्याला नाही.

खुराकाचं मी वेगळं सांगते, कारण इथे खान्देशचा हात लागला आहे. यावल-रावेर भागात घड कापल्यावर व्यापारी जो माल बाजूला काढतो, डागी, बारीक, फाटका, तो भाऊ उचलतात आणि पिकवून घालतात. कच्च्या केळ्यातल्या तुरट टॅनिनमुळे डुकरं तोंड लावत नाहीत, पिकलेलं मात्र सालासकट खातात. केळ्यात पिष्ट आणि साखर भरपूर, प्रथिन जेमतेम १ टक्का. लहान पिल्लांना असं खाऊ घातलं तर ती खुरटतील, म्हणून वाढीच्या काळात मका आणि सोयाबीनची पेंड. शेवटच्या टप्प्यात पेंड कमी करून केळी वाढवतात. प्रथिन, त्यातही लायसिन हा त्याचा घटक, थोडं कमी पडलं की मांस वाढण्याचा वेग मंदावतो आणि उरलेली ऊर्जा चरबीत जाते, स्नायूच्या आतसुद्धा. बरेच प्रयोग हेच सांगतात. वाढ थोडी मंदावते, म्हणून सगळे हे करत नाहीत. सरकीची पेंड आपल्याकडे मुबलक, पण तिच्यातलं गॉसिपॉल डुकरांना बाधतं, ती इथे आणतच नाहीत. हॉटेलचं उष्टंही नाही. एकपोटी, म्हणजे रवंथ न करणारं, जनावर जे तेल खातं तेच त्याच्या चरबीत उतरतं, आणि तळणाच्या तेलावर वाढलेल्या डुकराची चरबी लिबलिबीत होते. शिवाय आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा उष्ट्यातूनही पसरणारा डुकरांचा रोग २०२० मध्ये आसामकडे आला तेव्हापासून उष्ट्याची भीती मोठी आहे. त्या रोगावर औषध नाही. फार्मात आत कोणाला सोडत नाहीत, मलाही कुंपणाबाहेरूनच पाहायला मिळालं, आणि ते योग्यच आहे.

कुंपणातून दिसलं ते सांगते. जमीन काँक्रीटची, उताराची, धुतलेली. उन्हाळ्यात वर फवारे, कारण डुकराला घाम जवळजवळ येतच नाही आणि भुसावळचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. पिल्लांच्या कोपऱ्यात दिवा टांगलेला. हिवाळ्यात इथे पारा १० च्या खाली येतो आणि डुकराची पिल्लं थंडीत नुसती कुडकुडतात. बहुतेक सस्तन पिल्लांकडे अंग गरम ठेवणारी तपकिरी चरबी असते. डुकरांच्या पूर्वजांनी त्यासाठी लागणारं यूसीपी-१ हे जनुक सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी गमावलं. म्हणून तो दिवा. अंधारात चार पिल्लं त्या पिवळ्या उजेडाखाली एकमेकांवर चढून झोपली होती.

आता मांडी. उन्हाळ्यात घेतलेली मांडी फिकट, मऊ आणि पाकिटात गुलाबी पाणी सुटलेली निघाली. शिजवल्यावर निम्मी झाली आणि कोरडी. हा दोष मला ओळखीचा आहे. कापण्याआधी जनावर भेदरलं, तापलं, की स्नायूतली साखर झपाट्याने आम्लात जाते. मांस अजून गरम असतानाच आम्ल झालं की प्रथिनं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. काही जातींत हा दोष रक्तातच असतो. आरवायआर-१ जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने, ६१५ व्या जागी अर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टेइन येतं, आणि असं जनावर घाबरलं की मरूसुद्धा शकतं. हे १९९१ मध्ये सापडलं. पण जनुक निर्दोष असलं तरी दुपारच्या उन्हात उघड्या टेम्पोतून नेलेल्या डुकराचं मांस असंच होतं. मी भाऊंना सांगितलं, त्यांनी वाद घातला नाही. पैसे परत केले आणि कबूल केलं की त्या आठवड्यात वाहतूक दुपारी झाली होती. आता जनावरं रात्री नेतात, रात्रभर पाणी देऊन विसावा देतात आणि पहाटे कापतात. तरीही मांडी मी मार्च ते जूनमध्ये घेणार नाही. त्या मोठ्या स्नायूचा आतला भाग सगळ्यात उशिरा थंड होतो, आणि या दुकानाची थंडी तेवढी जोरकस नाही.

बाकीच्या उणिवाही सांगायला हव्यात. पाकिटावर बापाचा नंबर आहे, कापल्याची तारीख नाही. गोठवलेल्या मालात ही मोठी उणीव आहे. फोनवर नोंद केली तरी शनिवारी गर्दी झाली की तुमची चाप दुसऱ्याला जाते. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीतली मंडळी सकाळीच येऊन उभी असतात. आणि कातडी भाजून साफ करताना केस राहतात, पोटाच्या पट्ट्यावर हमखास. घरी गॅसवर पुन्हा फिरवावं लागतं.

दर सांगते : चाप ४२० रुपये किलो, मान आणि खांदा ३६०, मांडी ३४०, पट्टा ४००. भुसावळमध्ये इतरत्र मिळतं त्याहून पन्नास-साठ रुपयांनी जास्त. मला तो फरक मान्य आहे. शेवटच्या टप्प्यातल्या केळ्यांमुळे ही जनावरं थोडी उशिरा तयार होतात आणि तेवढ्या दिवसांचं खाणं त्या दरात आहे.

शिजवायचं कसं, तर चाप बोटभर जाड कापून घ्या, मीठ लावून अर्धा तास ठेवा, तापलेल्या लोखंडी तव्यावर टाका. पूर्ण शिजू द्या, गुलाबी ठेवायच्या फंदात पडू नका. मोकाट डुकरांच्या मांसातून फीतकृमी होतो, इथली जनावरं बंदिस्त आहेत, तरी सवय चांगली असावी. मानेचा तुकडा मी दोन पद्धतींनी करते. एक आमचं इंदियाल, व्हिनेगर आणि बाटली मसाल्यात, एक रात्र मुरवून. दुसरं सासरच्या शेजारणींनी शिकवलेल्या काळ्या मसाल्यात. खोबरं आणि कांदा विस्तवावर भाजून, वाटून, सढळ रस्सा, सोबत कळण्याची भाकरी. मानेच्या स्नायूंत लाल, सावकाश काम करणारे तंतू जास्त, आणि त्या तंतूंच्या आतच चरबीचे थेंब असतात. त्यामुळे तासभर उकळूनही तुकडा मऊ राहतो आणि रश्श्यावर तवंग येतो तो मसाल्याच्या तेलाचा आणि मांसाच्या चरबीचा मिळून. माझ्या सासूबाई आधी चव घ्यायलाही तयार नव्हत्या. आता शनिवारी सकाळी त्याच विचारतात, यावल रोडला गाडी जातेय का?

भाऊ आता हॅम्पशायर नर आणायचं म्हणताहेत, कारण त्याची पाठ पातळ आणि वाढ जोमदार. मी त्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगितली आहे. हॅम्पशायरमध्ये पीआरकेएजी-३ जनुकाचा एक जुना दोष फिरतो, तो २००० मध्ये उकलला. तो असला की स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण ७० टक्क्यांनी जास्त साठतं, कापल्यावर मांस जास्त आंबतं आणि शिजवताना पाणी सोडतं. एकच प्रत पुरते, म्हणजे नरात एकच प्रत असली तरी निम्म्या लेकरांत उतरतो. काप्याच्या फोटोत तो दिसणार नाही, म्हणून आणण्याआधी त्या नराचं रक्त किंवा केसांची मुळं तपासायला पाठवा असं सांगितलंय. वहिनींनी खर्च विचारून घेतला आणि वहीत लिहून ठेवला.